वकिली आणि हिशेब सोबत शिकायचे असतील तर: बारावीनंतरच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

मुंबईत चर्चगेटला दोन जुनी कॉलेजं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं, सिडनहॅम १९१३ सालचं. एकात कायदा, दुसऱ्यात वाणिज्य. शेजार असूनही दोघांची मिळून एक पदवी मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी किंवा मोनाश विद्यापीठात एकच अर्ज भरला की कॉमर्स आणि लॉ अशा दोन पदव्यांचा जोडकोर्स सुरू होतो. आपल्याकडे तसं तयार ताट क्वचित वाढून मिळतं. बहुतेकांना कायदा आणि अकाउंट्सची जोडी स्वतःच जुळवावी लागते, आणि ती जुळवताना काय आधी, काय नंतर आणि काय सोबत, यावर बरंच काही ठरतं.

एक सूत्र सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं त्याच्याभोवती फिरणार आहे. रोज हजर राहायला लावणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर घेऊ नका. एलएलबीला वर्गात बसावं लागतं, सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीला, ऑफिसात. अभ्यास रात्री जागून उरकता येतो, हजेरी नाही.

१. पदवी वेगळी, सनद वेगळी

घरात चर्चा सुरू होते ती ‘सीए-एलएलबी करायचं’ अशा मोघम वाक्याने. इथेच थांबून पाच गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहा. बीकॉम ही विद्यापीठाची पदवी. एलएलबी ही सुद्धा विद्यापीठाचीच पदवी, पण तिच्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचं नियंत्रण. सीए ही पदवी नव्हे, ती आयसीएआय या संस्थेची व्यावसायिक पात्रता. सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी, तेही तसंच, फक्त संस्था आयसीएसआय. आणि वकिलीची सनद ही पाचवीच गोष्ट. ती एलएलबीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडून मिळते, म्हणजे आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून.

दोन पदव्या घ्यायला कुणाची आडकाठी नाही. दोन सनदा खिशात घालून दोन्ही व्यवसाय एकदम करायला मात्र आहे. त्याबद्दल शेवटी सविस्तर बोलू, पण ‘सीए आणि वकील अशी दोन्ही पाटी लावून बसेन’ असं स्वप्न असेल तर ते आत्ताच थोडं दुरुस्त करून घ्या.

मग दोन्ही शिकायचं कशासाठी? एक ठोस उदाहरण घ्या. प्राप्तिकराच्या वादात सीए अधिकाऱ्यापुढे उभा राहू शकतो, अपिलात उभा राहू शकतो, अगदी प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापर्यंत, म्हणजे लोक ज्याला ‘आयटॅट’ म्हणतात तिथपर्यंत युक्तिवाद करू शकतो. त्यापुढे उच्च न्यायालय. तिथे मॅटर गेलं की फाइल वकिलाच्या हातात द्यावी लागते. ज्याने सहा-सात वर्षं ते प्रकरण जपलं तो मागच्या बाकावर बसतो. उलट बाजूने पाहिलं तर कंपनी कायदा न्यायाधिकरणात किंवा दिवाळखोरीच्या प्रकरणात असे वकील भेटतात ज्यांना कलमं तोंडपाठ आहेत, पण ताळेबंद समोर ठेवला की ते सहकाऱ्याकडे बघतात. या दोन उणिवांच्या मधली जागा मोठी आहे, आणि तिथे काम करणारी माणसं कमी.

२. तीन वाटा

पहिली वाट बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकत्रित कोर्सची. बीकॉम-एलएलबी किंवा बीबीए-एलएलबी. गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात (जीएनएलयू) बीकॉम-एलएलबी आहे. बीबीए-एलएलबी नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे, पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आहे, मुंबईत एनएमआयएमएसमध्ये आहे. मुंबई विद्यापीठाचा पाच वर्षांचा जुना कोर्स म्हणजे बीएलएस-एलएलबी. त्यातला पहिला भाग ‘लीगल सायन्स’चा, हिशेबाचा नव्हे. नावात लॉ आणि पाच वर्षं दिसलं म्हणून अकाउंट्स असेलच असं धरू नका, अभ्यासक्रमाची यादी उघडून पाहा. बीबीए-एलएलबीतही अकाउंट्स हे चार-दोन विषयांपुरतं असतं. व्यवस्थापनातल्या मुलाला जेवढं लागतं तेवढं. तेवढ्यावर ऑडिट करता येत नाही.

दुसरी वाट जुनी आणि माझ्या मते बहुतेकांसाठी बरी: आधी तीन वर्षांचं बीकॉम, मग तीन वर्षांचं एलएलबी. एकूण सहा वर्षं, म्हणजे पहिल्या वाटेपेक्षा एकच जास्त. त्या एका वर्षाच्या बदल्यात हिशेबाचा पाया पक्का होतो आणि कायदा आवडतोय की नाही हे एकवीस वर्षांच्या डोक्याने ठरवता येतं. सतराव्या वर्षी ठरवलेलं बरंचसं नात्यातल्या कुणाकडे तरी पाहून ठरवलेलं असतं.

तिसरी वाट दुसरीचीच लांब आवृत्ती आहे. बीकॉमबरोबर सीए सुरू करायचं आणि एलएलबी त्याच्या नंतर जोडायचं. सीएची नवी शिक्षण योजना १ जुलै २०२३ पासून आली आणि तिच्यात आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीजिएटचे दोन ग्रुपमध्ये मिळून सहा, दोन्ही ग्रुप सुटले की आर्टिकलशिप, ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला, मग फायनलचे सहा पेपर. मधे चार संच स्वतःच्या वेळेने ऑनलाइन सोडवायचे असतात. त्यातला पहिला, सक्तीचा संच कॉर्पोरेट आणि आर्थिक कायद्यांचाच आहे. ग्रुप सुटायला प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि ग्रुपच्या एकूणात ५० टक्के लागतात. यातली दुसरी अट दोनदा वाचा. सगळ्या पेपरांत ४२-४५ मिळवूनही ग्रुप राहणारी मुलं दर अटेम्प्टला असतात.

सगळं पहिल्या झटक्यात झालं तर तिसऱ्या वाटेने पंचविशी-सव्विशीत माणूस सीए आणि एलएलबी दोन्ही होतो. पहिल्या झटक्यात होत नाही असं धरूनच घरचं गणित मांडा.

सीएसचं काय? ज्याला आकड्यांपेक्षा कलमं जवळची वाटतात आणि तरी कंपन्यांच्याच जगात राहायचंय, त्याने सीएसचा अभ्यासक्रम नक्की चाळावा. त्यात बहुतेक पेपर कायद्याचे, त्यामुळे एलएलबीशी बराच अभ्यास सामायिक होतो.

३. नियमांची गाठ

या लेखातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग हा.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घ्यायला परवानगी दिली. वर्गाच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, एवढी मुख्य अट. बातमी आली तेव्हा पुष्कळ पालकांनी ‘म्हणजे आता बीकॉम आणि एलएलबी एकदम’ असा अर्थ काढला. पण त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे की जिथे व्यावसायिक परिषदेचे नियम लागू असतील तिथे ते पाळावेच लागतील. कायद्यासाठी ती परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया, आणि तिचे २००८ चे विधी शिक्षण नियम अजून जागेवर आहेत.

त्या नियमांतला सहावा नियम सांगतो की कायद्याच्या पदवीला नाव घातलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी त्याच किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या, किंवा शैक्षणिक अथवा व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, दुसऱ्या पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र कोर्सला नाव घालता येणार नाही. अपवाद तीन. एकाच संस्थेचा एकत्रित कोर्स, म्हणजे आपली पहिली वाट. भाषा किंवा संगणकाचे छोटे, अर्धवेळ प्रमाणपत्र कोर्स. आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा कोर्स.

तीन वर्षांच्या एलएलबीला तर पदवी हातात असल्याशिवाय प्रवेशच नाही, त्यामुळे बीकॉम आणि एलएलबी एकदम हा प्रश्न तिथे उद्‌भवत नाही. प्रश्न येतो तो सीएचा. ‘व्यावसायिक शिक्षण देणारी संस्था’ हे शब्द सरळ वाचले तर आयसीएआय त्यात बसते, असं माझं मत. आजूबाजूला आर्टिकलशिप करत एलएलबी करणारी मुलं दिसतात, त्यांचं कसं चालतं असं तुम्ही विचाराल. अनेक वर्षं कुणी फारसं विचारत नव्हतं, म्हणून चालत होतं. २४ सप्टेंबर २०२४ ला बार कौन्सिलने देशभरातल्या विधी महाविद्यालयांना परिपत्रक पाठवलं: विद्यार्थ्याने दुसरा नियमित कोर्स सुरू असेल तर तसं जाहीर करायचं, नोकरी असेल तर तीही, शिवाय बायोमेट्रिक हजेरी आणि कॅमेरे. म्हणजे आता प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. भावी वकिलाने पहिल्याच कागदावर खोटं लिहिणं हा मोठा विनोद होईल, पण तो अंगाशी येणारा विनोद आहे.

दुसऱ्या बाजूलाही कुलूप आहे. आर्टिकल असताना दुसरा कोर्स करायचा तर आयसीएआयची परवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म ११२. त्यात कॉलेजने वर्गाच्या वेळा प्रमाणित करायच्या आणि त्या ऑफिसच्या वेळेवर यायला नकोत. बीकॉमच्या सकाळच्या वर्गांसाठी ही परवानगी सर्रास घेतली जाते. पण एलएलबीला नियमाप्रमाणे रोज काही तास वर्ग आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. सकाळी वर्ग, दुपारपासून ऑफिस हे गणित कागदावर जमतं. मार्चअखेर किंवा सप्टेंबरातल्या टॅक्स ऑडिटच्या दिवसांत ते कुणाचंच जमलेलं नसतं.

म्हणून क्रम असा सुचवतो. बीकॉमच्या तीन वर्षांत फाउंडेशन आणि इंटर. पदवी झाली की आर्टिकलशिप आणि फायनल, तेवढा काळ कायद्याचं कॉलेज बंद. मग एलएलबी. ज्याला कोर्टाचंच वेड आहे त्याने उलटं करावं: बीकॉम, लगेच एलएलबी, आणि हिशेबाची बाजू एमकॉम दूरशिक्षणाने जिवंत ठेवावी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यासाठी आहेतच, आणि सहाव्या नियमाचा तिसरा अपवाद इथे कामी येतो. तरी कॉलेजच्या कार्यालयातून तशी लेखी हरकत-नाही घेऊन ठेवा. तोंडी ‘चालतंय हो’वर तीन वर्षं काढू नका.

आणि हो, एलएलबी स्वतः दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करून सनद मिळत नाही. तशी जाहिरात दिसली तर पुढे सरका.

४. प्रवेश

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटी असते, पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या कोर्सची वेगवेगळी. पात्रतेसाठी खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांसाठी बारावीचे, तीन वर्षांसाठी पदवीचे. प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडून येऊ नका.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. दोन तास, १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, आणि सगळा भर इंग्रजी उतारे भराभर वाचण्यावर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इथे बुद्धी नव्हे, वाचनाचा वेग आडवा येतो. तो वर्षभर रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून वाढतो. महागड्या क्लासने शेवटच्या दोन महिन्यांत वाढत नाही. सिम्बायोसिसची परीक्षा वेगळी, तिचं नाव स्लॅट.

राज्य सीईटीनंतर केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या होतात आणि त्या लांबतात. पहिलं सत्र त्यामुळे आखूड मिळतं. जातवैधता, नॉन-क्रीमी लेअर, अधिवास ही कागदपत्रं निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत, आधी काढून ठेवा. फीच्या सवलतीसाठी महाडीबीटीचं पोर्टल प्रवेश झाल्याझाल्या पाहा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत बसणारी कितीतरी मुलं केवळ मुदत चुकल्याने पूर्ण फी भरतात.

५. अभ्यासात दोन्ही विषय कुठे भेटतात

पहिल्या वर्षी मुलांना वाटतं की ही दोन वेगळी दुकानं आहेत. अकाउंट्सला उत्तर एकच, जुळलं तर जुळलं. कायद्याला ‘एका बाजूने असंही म्हणता येईल’. सवयीने दोन्ही एकाच टेबलावर येतात. एक जागा जवळून दाखवतो.

वहीतली एक नोंद घ्या: ‘श्री. अमुक यांस रोख ५०,००० दिले.’ हिशेबाच्या वर्गात तुम्ही विचाराल: नावे कोण, जमा कोण? कीर्दीतून खतावणीत गेली का? रोख शिल्लक जुळते का? जुळली की विषय संपला. आता तीच नोंद कोर्टात न्या. तिथे पहिला प्रश्न: हे ‘हिशेबाचं पुस्तक’ आहे का? दुसरा: ते व्यवसायाच्या ओघात नियमित लिहिलं जात होतं का? तिसरा: नोंद आहे हे मान्य, पण तेवढ्यावर त्या अमुक माणसावर देणं बसवता येईल का? जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये याचं उत्तर होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २८ मध्ये आलं आहे: नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात घेता येते, पण निव्वळ तिच्या जोरावर कुणाला जबाबदार धरता येत नाही.

हे कलम देशाच्या राजकारणाला कसं भिडलं ते हवाला प्रकरणातल्या १९९८ च्या व्ही. सी. शुक्ला निकालात वाचा. जैन बंधूंच्या डायऱ्या, त्यात नेत्यांच्या नावांची आद्याक्षरं आणि रकमा. सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद आणि बांधलेली वही यांत फरक केला: सुटी पानं म्हणजे पुस्तक नव्हे. वही मात्र हिशेबाचं पुस्तक ठरली, आणि तरीही तेवढ्याने नेत्यांविरुद्ध खटला उभा राहिला नाही, कारण नोंदीला पाठबळ देणारा स्वतंत्र पुरावा नव्हता. हिशेब शिकलेल्या मुलाने हा निकाल वाचला की त्याला व्हाउचर का सांभाळायचं हे ऑडिटच्या कुठल्याही धड्यापेक्षा चांगलं कळतं.

दुसरी जागा उलट दिशेची. कंपनीवर कुणीतरी दोन कोटींचा दावा लावलाय. ताळेबंद करताना अकाउंटंटला ठरवायचं असतं: तरतूद करायची, की नुसती टीप द्यायची, की काहीच नाही? लेखा मानक २९ सांगतं की पैसे जाण्याची शक्यता जास्त असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल तर तरतूद करा. शक्यता असेल पण तितकी नसेल तर टिपेत उल्लेख करा. पण शक्यता किती, हे कोण सांगणार? वकील. आणि वकिलाचं पत्र येतं ते असं: ‘आमच्या अशिलाची बाजू भक्कम आहे, तथापि निकालाबद्दल भाष्य करणं योग्य होणार नाही.’ ऑडिटर डोकं धरून बसतो. दोन्ही शिकलेला माणूस तो दावा स्वतः वाचतो, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) वाचतो, आधीचे निकाल पाहतो आणि एक निर्णय सुचवू शकतो. असं काम जाहिरातीत दिसत नाही, पण मोठ्या फर्ममध्ये त्याला मोल आहे.

बाकी जागा तुम्हालाच सापडतील. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत ताळेबंदाचा नमुना आहे. धनादेश परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, मग महिन्याभरात तक्रार. ही साखळी तुटली की खरं येणंही हातचं जातं, आणि तारखा लिहून ठेवण्याचं काम अकाउंट्स विभागाचंच. २०१६ ची दिवाळखोरी संहिता तर अर्धी कायदा आणि अर्धी हिशेब आहे.

करकायदा शिकताना सध्या एक सावधगिरी. प्राप्तिकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आला आहे. जुन्या वर्षांचे वाद जुन्याच कायद्याने चालतील, म्हणजे पुढची कैक वर्षं दोन्ही वाचावे लागणार. रद्दीतून घेतलेली पुस्तकं स्वस्त पडतात, पण परीक्षेला कुठला कायदा लागू आहे ते आयसीएआयच्या आणि विद्यापीठाच्या सूचनेत पाहिल्याशिवाय पान उलटू नका. फौजदारी कायद्यांचं २०२४ मध्ये हेच झालं. जुन्या नोट्सवर भिस्त ठेवणारी मुलं भारतीय न्याय संहितेच्या पेपराला भादंविची कलमं लिहून आली.

६. आठवड्याची घडी

वेळापत्रकं देणाऱ्या लेखांवर माझा फारसा विश्वास नाही. तीन सवयी सांगतो.

हिशेब हाताने सोडवा, रोज. टॅली नंतर शिका. संगणक बेरीज जुळवून देतो, त्यामुळे कुठे चुकलं ते कळायची संधीच जाते. कायदा मात्र मूळ कायद्यातून वाचा, म्हणजे बेअर अ‍ॅक्टमधून. गाइडमध्ये कलमाचा ‘सारांश’ असतो आणि परंतुक, म्हणजे कलमाखालचा ‘परंतु’ने सुरू होणारा अपवाद, गाळलेलं असतं. वाद नेमका परंतुकावर होतो. भारतीय करार अधिनियम १८७२ हे सुरुवातीला उत्तम, कारण तो फाउंडेशनच्या ‘बिझनेस लॉज’मध्येही आहे आणि एलएलबीच्या पहिल्या वर्षातही. एकदा नीट केला की दोनदा उपयोगी.

तिसरी सवय परीक्षांच्या महिन्यांची. सीए इंटर आता वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे, सप्टेंबर. विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, आणि त्यांच्या तारखा सरकतात. मे हा बहुतेक वेळा टक्करीचा महिना. जानेवारी किंवा सप्टेंबर अटेम्प्ट धरून मागे मोजत या.

भाषेचं थोडं. सीएच्या परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत, मराठीत नाहीत. एलएलबीचे पेपर काही विद्यापीठांत मराठीत लिहिता येतात. जिल्हा न्यायालयात मराठी चालते, उच्च न्यायालयात इंग्रजी. तालुक्याच्या गावी वकिली करायची असेल तर मराठीत लिहिण्याची लाज बाळगू नका; सात-बारा, फेरफार, गहाणखत मराठीतच असतात आणि ते वाचता न येणारा शहरी वकील तिथे अडकतो. पण संज्ञा दोन्ही भाषांत पाठ असू द्या.

इंटर्नशिप निवडताना मोठ्या नावामागे धावण्यापेक्षा जिथे फाइल हाताळू देतात तिथे जा. मध्यम आकाराचं करसल्लागाराचं ऑफिस, जिथे नोटीस येते, उत्तर जातं, सुनावणी होते आणि आदेश येतो, तिथे एका महिन्यात अख्खं चक्र दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात फक्त जुने आदेश वाचायला देतो. कंटाळतात. दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न विचारायला लागतात.

७. पदवीनंतर: सनद, परीक्षा आणि पाटी

एलएलबी झालं की बार कौन्सिलकडे नोंदणी. अधिवक्ता अधिनियम १९६१ प्रमाणे खुल्या गटासाठी शुल्क ७५० रुपये. कौन्सिलं त्यावर हजारोंनी वरकड घेत होती. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सांगितलं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, टिपणं नसलेला बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतो, खुल्या गटाला ४५ टक्के हवेत. मूळ कायद्यातून वाचायची सवय लावलेल्याला ही परीक्षा जड जात नाही.

आता पाटीचा प्रश्न. मुंबईतले एक शल्यविशारद, डॉ. हनीराज चुलानी, यांनी वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून वकिलीची सनद मागितली होती. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये न्यायालयाने कौन्सिलचा नियम उचलून धरला: दुसरा व्यवसाय चालू असताना वकील म्हणून नोंदणी नाही. डॉक्टरला लागू झालं ते प्रॅक्टिस करणाऱ्या सीएलाही लागतं. सीए ही पात्रता तुमच्याकडेच राहते, पण सनद घेण्याआधी सीएचं प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘सीओपी’ म्हणतात, ते परत करायचं. वकील म्हणून पूर्णवेळ पगारी नोकरीही चालत नाही. कंपनीत विधी अधिकारी झालात तर सनद स्थगित करून घ्यावी लागते.

न्यायाधीश व्हायचं असेल तर आणखी एक हिशेब. मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. सीएमध्ये गेलेली वर्षं त्यात धरली जात नाहीत, तेव्हा त्या वाटेच्या मुलांनी सीएचा मोह टाळलेला बरा.

शेवटचा मुद्दा मित्रांच्या जोड्यांसाठी, कारण तो मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. ‘मी वकील होतो, तू सीए हो, दोघं मिळून फर्म काढू आणि फी वाटून घेऊ.’ बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला वकील नसलेल्या कुणाबरोबरही भागीदारी किंवा फीची वाटणी करता येत नाही. दोघांनी एकाच इमारतीत वेगवेगळी ऑफिसं घ्यायला हरकत नाही. बिलं वेगळी, पावत्या वेगळ्या, खाती वेगळी. आणि एकमेकांकडे अशील पाठवलं म्हणून कमिशन नाही, कारण ते दोन्ही संस्थांच्या आचारसंहितेत बसत नाही.